माझ्या सहीची चिठ्ठी

हे मी वसंतलाही सांगितलं नव्हतं. वसंत म्हणजे माझा नवरा. त्रेचाळीस वर्षं आम्ही एका घरात काढली, आणि सहा वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून मी त्याच्याशी पुष्कळ बोलले — हे सोडून. बहिणीला सांगितलं नाही. ज्याच्याबद्दल आहे त्याला तर नाहीच, आणि आता ते शक्यही नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. आणि ओळखत असाल, इथं जॉर्जियात अल्फारेटाच्या आसपास राहत असाल, आमच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक तुमच्या घरी येत असेल, तर अंकाच्या पहिल्या पानावर संपादक म्हणून माझं नाव तुम्ही वर्षानुवर्षं पाहिलं असेल. असं असेल तर तुम्ही हे वाचायलाच हवं.

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी लॉराचा फोन आला. लॉरा माझी सून. ती मला आई म्हणते. त्या दिवशी तिनं तीन वेळा आई म्हटलं. मग म्हणाली, मंदार मैदानावर सरावात मुलांशी बोलत होता आणि बोलता बोलता गवतावर बसला.

एवढंच. बसला.

पुढचं मला नंतर कळलं. त्याला अशी सवय होती — पाय कसे ठेवायचे, वजन कुठं टाकायचं हे दाखवायला तो मध्येच खाली बसायचा, गुडघ्यावर यायचा, कधी आडवाही व्हायचा. म्हणून सगळी मुलं उभी राहून बघत होती. सर काहीतरी दाखवताहेत, असं त्यांना वाटलं. दहा-पंधरा सेकंद. एक मुलगा तर त्याच्यासारखाच खाली बसला. सत्तेचाळीस वर्षांचा माझा मुलगा, हृदय बंद पडून, आणि त्याच्यासमोर साठ-सत्तर धट्टीकट्टी मुलं नीट लक्ष देऊन उभी. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून अजून हललेलं नाही. मी ते पाहिलेलं नाही, तरी.

मंदार फुटबॉलचा कोच होता.

हे वाक्य मी मराठीत पहिल्यांदाच लिहिते आहे. तोंडानंही कधी उच्चारलं नव्हतं. सतरा वर्षं तो एका कॉलेजच्या टीमचा हेड कोच होता, आणि सतरा वर्षं कुणी विचारलं की मी म्हणायचे — कॉलेजात प्राध्यापक आहे.

खोटं एकदम सुरू होत नाही, हे तुम्हालाही ठाऊक असेल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणीतरी विचारलं, मंदार हल्ली काय करतो? मी म्हटलं, एका कॉलेजात असतो, खाली दक्षिणेकडं. शिकवतो का? हो. कुठला विषय? तेवढ्यात तिळगुळाची ताटली पुढं आली आणि मी म्हटलं, शरीरशास्त्राचाच काहीतरी. झालं. पुढच्या वर्षी मला विचारावं लागलं नाही, त्याच बाईनं दुसरीला सांगितलं. प्राध्यापक हा शब्दसुद्धा आधी मी वापरलेला नव्हता — मी फक्त तो खोडला नाही. नंतर मात्र वापरू लागले.

का? मी पुण्यात मराठी घेऊन एम.ए. केलं. इथं आल्यावर वीस वर्षं दर रविवारी मुलांना मराठी शिकवलं, चर्चकडून भाड्यानं घेतलेल्या एका खोलीत, भिंतीवरच्या क्रूसाखाली बाराखडी लिहून. आमच्या वर्गातली मुलं पुढं डॉक्टर झाली, संशोधक झाली, एक मुलगी न्यायाधीश झाली. आणि माझा मुलगा — ज्याला मी सर्वांत जास्त वेळ दिला — हेल्मेट घालून एकमेकांवर आदळणाऱ्या मुलांना आणखी जोरात आदळायला शिकवत होता. मला ते असंच दिसत होतं. इथला फुटबॉल म्हणजे आपण म्हणतो तो पायानं खेळायचा नव्हे, हे तुम्हाला माहीत असेलच. लांबुळका चेंडू हातात घेऊन पळायचं आणि बाकीच्यांनी त्याला पाडायचं. मला त्यातलं एवढंच कळत होतं. अधिक कळून घ्यायचं नव्हतं.

हायस्कूलमध्ये तो सेंटर होता. म्हणजे सगळ्यांत पुढं ओणवं उभं राहून दोन पायांमधून चेंडू मागच्याला देणारा, आणि दिल्याक्षणी समोरच्याचा धक्का खाणारा. त्याचं नाव स्कोअरबोर्डावर कधी लागत नाही. कॉलेजात गुडघा गेला, खेळ सुटला. डिग्री बायॉलॉजीची घेतली. मग आधी एका हायस्कूलमध्ये, पुढं दोन कॉलेजांत मोठ्या कोचांच्या हाताखाली. त्यातली कितीतरी वर्षं त्याचं काम म्हणजे सामन्यांच्या व्हिडिओचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यावर टिपण लिहायचं. तिसाव्या वर्षी दक्षिण जॉर्जियातल्या एका लहान कॉलेजानं त्याला हेड कोच केलं, कारण दुसरं कुणी यायला तयार नव्हतं. ती टीम आधीच्या दोन वर्षांत एकही सामना जिंकली नव्हती. पहिल्या वर्षी मंदारनं एक जिंकला.

वसंत म्हणाला, "किती टक्के वाढ झाली बघ."

मी म्हटलं, "शून्यावरून टक्के निघत नाहीत."

वसंत जायचा. शरद ऋतूतला दर शनिवार, साडेतीन तास गाडी चालवत. बरोबर साबुदाणा वड्यांचा मोठा डबा — तो मीच तळून द्यायचे, तेवढं करायचे. तिथले अडीचशे-तीनशे पौंडांचे खेळाडू सामना संपल्यावर गाडीभोवती जमायचे आणि डबा रिकामा व्हायचा. मिस्टर व्ही आले का, असं आधीपासून विचारायचे म्हणे. वसंत मला सांगायचा आणि मी प्रुफं तपासत बसायचे. मंडळात मात्र त्यानं कधी तोंड उघडलं नाही. एकदा मला म्हणाला, "तू सांगून बसली आहेस, आता मी कशाला मोडू?" त्यात चीड नव्हती. असती तर बरं झालं असतं का? माहीत नाही.

पाचव्या वर्षी त्यांनी त्यांच्या कॉन्फरन्सचं, म्हणजे त्या भागातल्या कॉलेजांच्या गटाचं, विजेतेपद मिळवलं. त्या कॉलेजात असं पूर्वी कधीच झालं नव्हतं. एवढं मला ठाऊक होतं. पुढच्याच वर्षी त्यांनी ते पुन्हा मिळवलं, नंतर चार वेळा देशपातळीवरच्या प्लेऑफपर्यंत, म्हणजे बाद फेरीपर्यंत गेले, तीन वेळा इतर कोचांनी मतं देऊन मंदारला वर्षाचा सर्वोत्तम कोच ठरवलं, त्याच्या हाताखालचे सहा जण आज स्वतः हेड कोच आहेत, आणि त्याच्याकडं चार वर्षं खेळलेली जवळजवळ सगळी मुलं डिग्री घेऊन बाहेर पडली — हे मला कसं कळलं? श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात दारात एक पत्रक वाटत होते. त्यावर छापलेलं होतं. मी त्याची आई, आणि मी ते पत्रकावर वाचलं. वाचताना चष्मा पुसला, कारण मला वाटलं चुकून दुसऱ्याच कुणाचं हातात आलंय.

पण कबूल करायचं ते हे नाही. एवढंच असतं तर मी गप्प राहिले असते. आपली माणसं मुलांबद्दल थोडंफार वाढवून-घटवून सांगतातच, असं म्हणून तुम्हीही सोडून दिलं असतं.

त्या पहिल्या विजेतेपदानंतरचा उन्हाळा. दिवाळी अंकासाठी साहित्य जुलैअखेर पाठवायचं असतं. त्या वर्षी मी आवाहनात लिहिलं होतं की इथं जन्मलेल्या मुलांनी स्वतःच्या मराठीत लिहावं, आपल्या कामाबद्दल लिहावं, चुकांची काळजी करू नये. हे वाक्य माझं. चुकांची काळजी करू नये.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एक जाड पाकीट आलं. पत्ता आमच्याच घराचा, वर लिहिलेलं — "संपादक यांस". अक्षर मी ओळखलं. मीच वळण लावलं होतं त्याला. आत रेघी कागदाची तीन पानं, हातानं लिहिलेली. मथळा होता, "मी काय काम करतो".

पहिल्या ओळी मला पाठ आहेत. "नमस्कार. माझं नाव मंदार. बरेच काका आणि काकू मला विचारतात, तू कुठला विषय शिकवतो. मी फुटबॉल शिकवतो. आईला हे सांगायला अवघड जातं, म्हणून मी सांगतो."

त्यात राग नव्हता. आज बारा वर्षांनंतरही मी त्या ओळींत राग शोधते आणि सापडत नाही. तो मला सोडवायला आला होता. मी ज्या शब्दात अडकले होते तो माझ्या वतीनं तोच खोडणार होता, आणि तोही माझ्याच अंकात, माझ्याच भाषेत. दुसऱ्या पानावर त्यानं सेंटरचं काम समजावून सांगायला घेतलं होतं — की खेळ ज्याच्या हातातून सुरू होतो त्याच्याकडं कुणी बघत नाही, आणि त्यानंही आपल्याकडं कुणी बघावं असं मनात आणायचं नसतं. तिथपर्यंत मी वाचलं.

तिथं थांबले. तिसरं पान मी वाचलं नाही.

माझ्याकडं छापील चिठ्ठ्यांचं एक पॅड होतं. मराठी मासिकांची जुनी पद्धत तुम्हाला माहीत असेल. न स्वीकारलेलं लेखन संपादक एका चिठ्ठीसोबत लेखकाकडं परत पाठवतात. आमच्या मंडळाच्या अंकाला खरं तर असल्या चिठ्ठ्यांची काय गरज? वर्षाला पाच-सहा लेख परत जायचे. पण मला ती पद्धत आवडायची. पुण्याहून पॅड छापून आणलं होतं. "आपले साहित्य मिळाले. संपादक मंडळाने त्याचा विचार केला. अंकात समाविष्ट करता येत नसल्याबद्दल दिलगीर आहोत. साभार परत." वर नावासाठी टिंबटिंब, खाली सहीसाठी जागा.

टिंबांवर मी लिहिलं — श्री. मंदार. पोटच्या मुलाला श्री.

खाली सही केली, "संपादक मंडळाकरिता". संपादक मंडळ असं काही नव्हतंच. मी होते, आणि पानं मोजून पिना मारायला वसंत होता. तीन पानांना ती चिठ्ठी टाचली आणि पाकिटात घालून पोस्टात टाकली. फोन का केला नाही? फोनवर कारण सांगावं लागलं असतं. त्याचा आवाज ऐकावा लागला असता. चिठ्ठीला चेहरा नसतो, म्हणूनच ती शोधून काढली असेल कुणीतरी.

आणखी आहे. अंकात शेवटी "अभिनंदन" असं एक पान असायचं, मंडळातल्या कुटुंबांच्या आनंदाच्या बातम्यांचं. मंदारनं त्या वर्षी काहीतरी मोठं मिळवलं आहे एवढं वसंतच्या चेहऱ्यावरून लोकांना कळलेलं होतं. दोघांनी मला विचारलंही. मग मी त्या पानावर एक ओळ घातली. मंदारला सहयोगी प्राध्यापकपदी बढती मिळाल्याबद्दल अभिनंदन. त्याचं खरं लिहिलेलं परत पाठवलं आणि माझं खोटं छापलं. एकाच महिन्यात. एकाच टेबलावर बसून.

रविवारी मीच फोन केला. रोजचं बोलणं झाल्यावर तो म्हणाला, "आई, चिठ्ठी मिळाली. इट्स ओके. मराठी बरोबर नव्हतं माझं."

मी म्हटलं, "कमिटीचा निर्णय असतो रे तो."

"कमिटीत कोण आहे?"

आणि मी दोन नावं घेतली. विद्यामावशी आणि मंडळातले प्रभाकरकाका. विद्या माझी इथली सर्वांत जुनी मैत्रीण, मंदारला तिनं कडेवर खेळवलंय. तिला यातलं काहीही माहीत नव्हतं.

गणपतीला तो एका दिवसासाठी आला होता. आरती झाली, प्रसाद वाटला, आणि तो विद्याजवळ जाऊन हसत म्हणाला, "मावशी, नेक्स्ट टाइम मी जास्त चांगलं लिहीन, हां? प्रॉमिस." विद्या हसली. तिला वाटलं, काहीतरी थट्टा आहे. "काय लिहितोस रे? प्रेमपत्र? लॉराला सांगू का?" मी मोदकांच्या ताटाशी उभी होते. तो विद्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिला — माणसांचे चेहरे वाचणं हेच तर त्याचं काम होतं. मग त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. एकदाच. आणि विद्याला म्हणाला, "काही नाही मावशी, जोक होता." पुढं होऊन त्यानं माझ्या हातातलं ताट घेतलं आणि मोदक वाटायला गेला.

त्यानंतर त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. त्यानं पुन्हा मराठीत काही लिहिलं नाही. दर रविवारी मात्र त्याचा फोन यायचा, शेवटच्या रविवारपर्यंत.

आता तो श्रद्धांजलीचा दिवस.

कॉलेजच्या जिममध्ये सकाळी अकराला कार्यक्रम होता. मला वाटलं होतं शे-दीडशे माणसं असतील. खुर्च्या संपल्या, बाक संपले, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. चाळिशीला आलेले पुरुष, त्यांची मुलं कडेवर. कुणी सैन्याच्या गणवेशात, कुणी नर्सच्या कपड्यांत थेट ड्यूटीवरून आलेला. मी पहिल्या रांगेत लॉराशेजारी. आमच्या मागं अल्फारेटाहून आलेली मंडळाची माणसं. आठ गाड्या भरून आली होती. मला एकीकडं रडू येत होतं आणि दुसरीकडं — हे सांगायला लाज वाटते — मनात चाललं होतं की आता यांना सगळं कळेल.

डॅरल बोलायला उभा राहिला. डॅरल पहिल्या दिवसापासून मंदारचा सहायक कोच. अलाबामाचा, दारातून आत येताना तिरकं व्हावं लागेल एवढा रुंद, आवाज मात्र मऊ. तो म्हणाला, कोचची एक गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, पण ती कुठून आली हे फार थोड्यांना माहीत आहे.

त्यानं सांगितलं ते असं. दर ऑगस्टमध्ये चाचणीसाठी पुष्कळ मुलं येतात, आणि सगळ्यांना घेता येत नाही. बहुतेक ठिकाणी रीत अशी, की ठेवलेल्यांच्या नावांची यादी कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर चिकटवायची. मुलं येतात, बोट फिरवतात, नाव नसलं की मुकाट्यानं बॅग उचलून जातात. मंदारही पहिली पाच वर्षं तसंच करायचा. सहाव्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये एका सकाळी यादी नुकतीच लागली होती. मंदारनं टपाल घेतलं, उभ्या उभ्याच एक पाकीट उघडलं, आतली छोटी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग तो दारापाशी गेला आणि त्यानं यादी फाडली. ज्यांना घेतलं नव्हतं त्या प्रत्येकाला फोन करून परत बोलावलं, ऑफिसात समोर बसवलं, आणि घेतलं नाही हे तोंडानं सांगितलं, का तेही सांगितलं. दिवस गेला त्यात. डॅरलनं विचारलं, हे काय नवीन? तर मंदार म्हणाला, मला आज कळलं की चिठ्ठीवर नाही वाचताना कसं वाटतं. त्यानंतर त्या दारावर कधी यादी लागली नाही.

जिममध्ये माणसं माना हलवत होती. अनेकांना त्या खुर्चीत बसवून नाही म्हटलं गेलं होतं, आणि तीही आली होती. तुमच्या लक्षात येतंय का? त्यानं ज्यांना नाकारलं तीही त्याच्यासाठी आली होती.

   वर्ष बरोबर होतं, महिना बरोबर होता. पोस्टानं चार दिवस. मी मनातल्या मनात मोजत होते, जणू त्यात एखादी चूक निघाली तर ते दुसऱ्याच कुणाचं पाकीट ठरेल. डॅरल शेवटी म्हणाला, ती चिठ्ठी कुणाची होती हे कोचनी कधीच सांगितलं नाही. मी दहा वेळा विचारलं, दहा वेळा ते म्हणाले, एका चांगल्या संपादकाची.

लोक हसले. लॉरानं माझ्याकडं पाहिलं नाही. ती समोर बघत होती, अगदी सरळ. तिला ठाऊक आहे की नाही, हे मला आजही माहीत नाही.

नंतर कॉफी होती, केक होता. डॅरल माझ्यापाशी आला, वाकून माझा हात दोन्ही हातांत घेतला, आणि इंग्रजीत म्हणाला, "मॅम, कोच नेहमी तुमच्याबद्दल बोलायचे. मला एक सांगाल? ती चिठ्ठी कुणी पाठवली होती, तुम्हाला काही कल्पना?"

मी म्हटलं, "नाही."

झटकन. विचारही करावा लागला नाही. जिभेवर तयारच होतं ते. माझा मुलगा जाऊन बारा दिवस झाले होते, त्याच्या नावाचं पत्रक माझ्या हातात होतं, आणि मी त्याच्याबद्दल आणखी एकदा खोटं बोलले.

हे कबूल करायचं होतं. चिठ्ठी बारा वर्षांपूर्वीची. तिला मी इतकी वर्षं नाना नावं दिली — संपादकीय निर्णय, भाषेचा आग्रह, वेळेची घाई. या "नाही"ला मला नाव सापडत नाही.

आणखी एक धक्का बाकी होता. परतताना मी विद्याच्या गाडीत होते. गाव मागं पडलं. मग मीच म्हटलं, विद्या, मी सगळ्यांना प्राध्यापक सांगत होते.

ती गाडी चालवत होती. म्हणाली, "अगं, ठाऊक होतं आम्हाला. लोकल चॅनेलवर दिसायचा की तो. आमचे हे तर त्याच्या टीमचा स्कोअर बघितल्याशिवाय जेवायचे नाहीत."

"मग कुणी बोललं कसं नाही मला?"

"तुला आवडत नव्हतं ना ते," ती म्हणाली. "प्रभाकर म्हणायचे, सुलभाताईंसमोर विषय काढायचा नाही. पोरंसुद्धा पाळायची."

सतरा वर्षं. हळदीकुंकवाला, गणपतीला, कोजागिरीला. मी प्राध्यापक म्हणायचे आणि समोरचा प्रत्येक जण मान हलवायचा, आणि घरी जाऊन टीव्हीवर माझ्या मुलाला बघायचा. त्याचा लेख मी छापला असता तर कुणालाही काहीही नवीन कळलं नसतं. मी ज्याच्यासाठी ती चिठ्ठी पाठवली ते लपलेलं नव्हतंच. अर्ध्या रस्त्यात मी विद्याला गाडी थांबवायला सांगितली. पेट्रोल पंपाच्या बाकावर बसून राहिले. रडले नाही. नुसती बसले.

त्याच्या ऑफिसातली खोकी लॉरानं माझ्यासमोरच उघडली. खेळाची आखणी केलेल्या वह्या, शिट्ट्या, मुलांच्या लग्नांच्या पत्रिका. ती तीन पानं नव्हती. त्यानं ठेवली नसतील, किंवा कुठं ठेवली असतील ते त्यालाच ठाऊक. तिसऱ्या पानावर काय होतं, हे आता जगात कुणालाच माहीत नाही. मी वाचू शकत होते. हातात होतं.

गेल्या आठवड्यात डॅरलचा फोन आला. आता तो हेड कोच आहे आणि ऑगस्टचा सराव सुरू झाला आहे. ज्या दारावर पूर्वी यादी लागायची त्याच्या शेजारच्या भिंतीवर मंदारची ती गोष्ट रंगवायची, असं मुलांनी ठरवलंय. चार ओळी लिहिल्या आहेत. तो म्हणाला, "तुम्ही संपादक आहात असं कोच मोठ्या अभिमानानं सांगायचे, मॅम. रंगवायच्या आधी एकदा तपासून द्याल का?" आणि त्यानं वाचून दाखवलं. की एका सकाळी कोचना एका अनोळखी माणसाची चिठ्ठी आली, आणि त्या दिवसापासून या दारावर यादी लागली नाही.

वाचून झाल्यावर त्यानं विचारलं, काही दुरुस्ती आहे का?

मी म्हटलं, एक आहे. अनोळखी माणसाची नाही. ती मी पाठवली होती. खाली माझी सही होती. मार्चमध्ये तुम्ही मला विचारलंत, तेव्हा मी खोटं बोलले.

पलीकडून कुठंतरी शिट्टी ऐकू आली, दार आपटल्याचा आवाज आला.  मग डॅरल म्हणाला, "येस, मॅम." दक्षिणेतली माणसं वयानं मोठ्या बाईला असंच म्हणतात, त्यावरून मनात काय आहे ते कळत नाही. मग तो म्हणाला, बाहेर बाकावर नऊ मुलं बसली आहेत, मला त्यांना एकेक करून आत बोलवायचंय.

आणि त्यानं फोन ठेवला.

भिंतीवर शेवटी काय रंगवलं, ते त्यानं कळवलेलं नाही. मी विचारलेलं नाही.